सहभागी क्रमांक चार यांस

प्रिय पप्पा,

पत्र लिहिण्याचं कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, "मुद्द्यावर ये, सुमी." आज रविवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत. तुमच्याच टेबलावर माझ्यासमोर एक काळा पेनड्राइव्ह पडलाय आणि त्यात तुमचा आवाज आहे. चाळीस मिनिटांचा! मी लॅपटॉप चालू केलाय, पेनड्राइव्ह तीनदा हातात घेतलाय आणि तीनदा खाली ठेवलाय.

ऐकायला कुणी अडवत नाहीये. अडवताय ते तुम्ही.

उद्या सोमवारी मला आमचा प्रोजेक्ट रिपोर्ट कॉलेजात जमा करायचाय आणि हा पेनड्राइव्ह कोमलला परत करायचाय. त्याआधी तुमच्याशी भांडून घ्यायचंय. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी एकदाही भांडले नाही, हे तुम्हाला तरी पटतं का?

कोमल म्हणजे तीच, उल्हासनगरची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. तुम्हाला 'अंकल' म्हणणारी आणि आईकडे हक्कानं दुसरा चहा मागणारी. तिला मीच आपल्या घरी आणलं, हे मी स्वतःला रोज एकदा तरी ऐकवते. कॉलेजांच्या प्रोजेक्ट मेळाव्यात आमची ओळख झाली. ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी तिचा ग्रुप न सांडणारा कप बनवत होता आणि चाचणीला माणसं मिळत नव्हती. मी भाबडेपणानं म्हणाले, "आमच्या पप्पांचा हात चहा पिताना थोडा हलतो. विचारून बघते."

थोडा हलतो! नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, आणि तिचं निरीक्षण एवढंच.

मग ती दर रविवारी अंबरनाथला येऊ लागली, नेमकी मी वॉर्ड ड्यूटीला असताना. घरी आलं की तिच्याकडून मला उरलेल्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. आज अंकलनी दहा वेळा कप उचलला. आज अंकल म्हणाले, हँडल दोन मिलिमीटर जाड कर. आज अंकल एवढे हसले! मी हात-पाय धूत "हो का? छान," म्हणायचे आणि मला ते मुळीच छान वाटायचं नाही.

एका रविवारी मी लवकर आले, आठवतंय? दारातूनच मला तुमचा आवाज ऐकू आला. "डोळा पाण्याच्या रेषेत आण. वरून नाही बघायचं. काठाला पाणी चढलेलं दिसतं, ते खोटं. मध्ये पोट दिसतंय ना, त्या पोटाची रेषा वाच."

पप्पा, ते वाक्य माझं होतं.

मला बाळदमा होता म्हणून सात वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. तुम्ही सेकंड शिफ्ट मागून घेतली आणि सकाळी मला घरी शिकवलंत. कंपनीच्या लॅबनं मोडीत काढलेलं, काठाचा टवका उडालेलं काचेचं मोजपात्र तुम्ही माझ्यासाठी आणलंत. त्यानं आपण काय काय मोजलं! आईच्या फोडणीचं तेल, माझ्या खोकल्याचं औषध, भिजण्याआधी आणि भिजल्यावर वाटीभर मूग. तुमच्या व्हर्नियर कॅलिपरनं चपातीची जाडी मोजली तेव्हा आई म्हणाली होती, "क्वालिटी इन्स्पेक्टरशी लग्न केलं ही चूक झाली. आता चपाती रिजेक्ट करा!" मी वर्गात बसायच्या आधीच मला दशांश चिन्ह येत होतं. आणि तुमचा एकच नियम होता: दिसेल ते लिहायचं, हवं ते नाही.

तेच वाक्य तुम्ही तिला दिलंत. वर मोजपात्रही तिला दिलंत! कपात शंभर मिली पाणी भरायचं, दहा वेळा तोंडापर्यंत न्यायचं आणि उरलेलं मोजायचं, असं तिचं काम होतं. तिच्याकडे प्लास्टिकचं मोजमाप होतं, ते तुम्हाला चालेना. "हे ने," म्हणालात. मला विचारलंत तरी का? तुम्ही म्हणाल, बावीस वर्षांच्या बाईला ते कशाला हवं होतं? काय माहीत. ते कपाटात असतं आणि मी ते कधीच काढलं नसतं, तरी मला ते हवं होतं.

लहानपणी तुम्ही आत्याच्या मुलीचं अक्षर चांगलं आहे म्हणालात, तेव्हा मी तिची वही पलंगाखाली लपवली होती. तुम्ही ती काढलीत, मला काही बोलला नाहीत, फक्त 'जळकुकडी' म्हणालात आणि हसलात. मला वाटलं होतं, मोठी झाले की हे जाईल.

तुमच्या पुण्यानुमोदनाला कोमल पांढरा ड्रेस घालून आली. बुद्धवंदना तिला येत नव्हती, तरी हात जोडून शेवटपर्यंत बसली आणि इतकी रडली की बदलापूरच्या काकूनं मला विचारलं, "ही कोण गं? जवळची दिसते." मला त्या दिवशी रडूच आलं नव्हतं. मी पाहुण्यांना पाणी देत होते. तांब्या हातात घेऊन मी चक्क मनात म्हणाले, 'ही माझ्यापेक्षा जास्त रडतेय, आता लोकांना काय वाटेल?' ही तुमची मुलगी, पप्पा. त्या दिवशीही मोजत होती.

काल शनिवारी ती घरी आली. तिचा रिपोर्ट छापून झालाय. ती तुमच्या फोटोपुढे दोन मिनिटं उभी राहिली, मग तिनं माझ्या हातात फाइल आणि पेनड्राइव्ह दिला.

"यात अंकलचा पूरा इंटरव्ह्यू आहे. रिपोर्टमध्ये दोन-तीन लाइनच घेतल्यात. बाकी सगळं तू ऐक. तुझे पापा आहेत यार, तुझा हक बनता है."

मी थँक्यू म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण मी कोण? मी म्हणाले, "त्यांचं संमतीपत्र बघू दे ना. घरच्यांना ऐकवायला चालतं का, ते बघायला हवं."

"अगं, फॉर्मॅलिटी आहे ती."

"तरी दाखव."

तिनं फाइलमधून कागद काढून दिला. समोर छापील मजकूर आणि खाली तुमची सही, भूकंपाच्या आलेखासारखी. मी सवयीनं कागद उलटला. मागे तुमच्या अक्षरात एक ओळ होती, वर-खाली होत गेलेली: 'हे बोलणं माझ्या मुलीला ऐकवू नये.' खाली पुन्हा सही आणि तारीख.

कोमलनं तोंडावर हात ठेवला. "हे मी बघितलंच नाही! त्या दिवशी रेकॉर्डिंगआधी त्यांनी फॉर्म परत मागितला होता. म्हणाले, पेन दे, एक राहिलंय. मला वाटलं पत्ता लिहितायत." मग हळूच म्हणाली, "पण आता... आता काय फरक पडतो सुमेधा? ठेव तू. मी कुणाला नाही सांगणार."

ती गेली आणि पेनड्राइव्ह इथे राहिला.

घरच्यांना ऐकवू नये, असंही नाही लिहिलंत. माझ्या मुलीला! रिपोर्ट वाचणार परीक्षक, कोमलचे सर आणि तिच्या ग्रुपमधली मुलं. जगात एकाच माणसाला मनाई केलीत, आणि तीही त्याच माणसाला, ज्याला कागद उलटून बघायला तुम्ही शिकवलं होतं.

रिपोर्ट मात्र मी वाचला. तो वाचायला कुणालाच मनाई नाही. सगळा इंग्रजीत आहे, पण माणसांचं बोलणं तिनं जसंच्या तसं ठेवलंय. नावं कुणाचीच नाहीत. तुम्ही आहात 'सहभागी क्रमांक चार'. तिनं सांगितलं नसतं तरी मी तुम्हाला ओळखलं असतं. पान बावीसवर लिहिलंय:

'शर्ट मी डोक्यातून घालतो. बटणं मिसेस आधीच लावून ठेवते. (थोडा वेळ शांत.) मुलीला वाटतं, मी टापटीप आहे.'

आणि त्याच्याखाली: 'कंपनीत शेवटचं वर्षभर मी व्हर्नियर टेबलावर टेकवून वाचत होतो. धरता येत नव्हता. (बराच वेळ शांत.) मग म्हटलं, आपण होऊन बाहेर पडावं.'

आम्हाला सांगितलंत, कंटाळा आला! आणि मी केक आणला होता, पप्पा. तुमच्या कंटाळ्याचा केक!

आणि ती बटणं. तुमच्या कपाटात सगळे शर्ट वरपासून खालपर्यंत बटणं लावलेले असायचे, मी मैत्रिणींना दाखवायचे. आई कुरकुरायची, "हा माणूस बटणं न काढताच धुवायला टाकतो." काल मी तिला पान बावीस वाचून दाखवलं. ती भांडी लावत होती, तिनं मागेही बघितलं नाही.

"मला काय वाचून दाखवतेस? लावत कोण होतं?"

"मग तू कुरकुर का करायचीस?"

"तू घरात असायचीस म्हणून."

म्हणजे आईला माहीत होतं, कोमलला माहीत होतं. दोघीजणी, आणि मी तिसरी, बाहेर. काल मी जेवले नाही. इतकी जळले की आईनं विचारलं, पित्त झालंय का?

इथपर्यंत पत्र रागानं लिहिलं. आता जे लिहायचंय ते लिहायला मी मघाशी उठून पाणी पिऊन आले.

आमचा प्रोजेक्टही तुम्हाला माहीत आहे. कुळगावातल्या वयस्कर माणसांना रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात, याचा सर्व्हे. वीस प्रश्नांचा फॉर्म, असे तीस फॉर्म. मॅडम म्हणाल्या होत्या, पहिला फॉर्म घरातल्या कुणावर तरी करून बघा, प्रश्न कळतात का ते तपासायला. तो मोजायचा नाही. मी तो तुमच्यावर केला. तुम्ही खुर्चीत ताठ बसलात, परीक्षेला बसल्यासारखे. शेवटी विचारलंत, "किती पडले?" मी म्हणाले, "वीसपैकी वीस!" तुम्ही म्हणालात, "म्हणजे पास," आणि आपण दोघं हसलो.

काल रात्रीपासून मी तुम्हाला खोटारडे म्हणत होते. प्रश्न चौदावा: शर्टाची बटणं स्वतः लावता येतात का? उत्तर: हो. मला खोटं, तिला खरं. का? असं का, पप्पा?

आज सकाळी मी तो फॉर्म काढून बघितला आणि मला सगळं आठवलं. तुम्ही 'हो' म्हणालाच नव्हतात. मी प्रश्न वाचला आणि वाचता वाचताच 'हो'च्या चौकटीत खूण केली. तुम्ही काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तुमचं लक्ष माझ्या पेनाकडे गेलं. खूण झालेली तुम्हाला दिसली. आणि मी म्हणाले, "पंधरावा. जिने चढता येतात का?"

मला तुम्ही धडधाकट हवे होतात, म्हणून मी हवं ते लिहिलं. तुमच्यासमोर बसून, तुमच्याच टेबलावर!

कोमलच्या रिपोर्टमध्ये कंसात काय लिहिलंय? थोडा वेळ शांत. बराच वेळ शांत. तिनं दुसरं काहीच केलं नव्हतं. ती थांबली होती. आरोग्याचा अभ्यास मी करते आणि थांबली कप बनवणारी. पप्पा, मला तिच्या या थांबण्याचा जेवढा हेवा वाटतो तेवढा मोजपात्राचाही वाटत नाही.

अजून एक आहे. तेही आत्ताच सांगून टाकते, नाहीतर सांगायचं राहील. तुमचा तो सरावाचा फॉर्म मी खऱ्या फॉर्ममध्ये घातलाय. एकोणतीस झाले होते. तिसाव्या आजी मुलाकडे गेल्या. मी कुळगावात पुन्हा एक चक्कर मारू शकले असते. पण गेल्या महिन्यात कोमल फोनवर म्हणाली होती, "अंकल माझ्या रिपोर्टमध्ये कायमचे राहणार," आणि मला ते सहनच झालं नाही. तिच्याकडे तुम्ही छापलेले, आणि माझ्याकडे कुठेच नाही? म्हणून तुम्हाला घातलं, क्रमांक तीस. एका माणसानं काय होतं? आमच्या मॅडमना मी आडून विचारलं होतं, "मॅडम, सहभागी वारला तर?" त्या म्हणाल्या, "बाई गं, तू जिवंत माणसं शोध आधी."

आता मी उठते. पेनड्राइव्ह घेऊन उल्हासनगरला जाऊन येते. उद्यापर्यंत तो घरात राहिला तर माझं काही खरं नाही.

*

संध्याकाळचे सहा. पत्र अर्धं टाकून गेले होते, ते पुरं करते.

कोमलच्या घरी खालच्या मजल्यावर त्यांच्या रेडिमेड कपड्यांचा माल असतो आणि वरच्या खोलीत तिचे सगळे कप. पहिले पाच-सहा फसलेले कपही तिनं ओळीनं मांडून ठेवलेत. शेवटी तुमचं मोजपात्र, टवक्यावर चिकटपट्टी लावलेलं. मी पेनड्राइव्ह तिच्यापुढे ठेवला.

"ऐकला?"

"नाही."

"पागल आहेस का तू? एक मिनिटही नाही?"

"त्यांनी लिहून दिलंय, कोमल. माणूस गेला म्हणून कागद बदलत नाही. तो कागद तू त्यांना दिला होतास, ते त्या भरवशावर बोलले."

तिनं पेनड्राइव्ह उचलला. मग एकदम हसायलाच लागली. "सेम! एकदम सेम अंकल! माझी तर वाटच लावली होती त्यांनी."

"म्हणजे?"

"रेकॉर्डिंगमधलं नाही सांगत हं. ते बंद असायचं तेव्हाचं सांगते. त्यावर तर अंकलचा तो कागद लागू नाही ना?" तिनं मोजपात्र उचलून माझ्यापुढे धरलं. "मी रीडिंग घ्यायचे ना, तर दर वेळी, दर वेळी हां, अंकल म्हणायचे, 'आमची सुमी सहा वर्षांची होती तेव्हा याच्यापेक्षा बरोबर वाचायची.' मी म्हणायचे, 'अंकल, अठ्ठ्याऐंशी.' ते म्हणायचे, 'सुमी असती तर साडेसत्त्याऐंशी म्हणाली असती.' आणि परत बघितलं की साडेसत्त्याऐंशीच! पाच रविवार मी हे ऐकलंय. तुला माहितीये, मी किती जळायचे तुझ्यावर? मला वाटायचं ही सुमी एकदा ड्यूटीवरून घरी येऊच नये."

मला रडू आलं. तीन महिन्यांचं एकदम. खाली कुणीतरी गाठोडी टाकत होतं, नाहीतर साऱ्या गल्लीला ऐकू गेलं असतं. कोमल माझ्याशेजारी बसली. ती थांबली. तिला ते येतंच.

निघताना तिनं मोजपात्र पिशवीत घालायला घेतलं. "हे तुझं आहे ना? आता माझं काम झालंय."

मला हो म्हणायचं होतं. पण पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रदर्शन आहे आणि त्या कपांच्या ओळीत ते असायला हवं, हे मला दिसत होतं. "प्रदर्शन झालं की आणून दे," मी म्हणाले. "पण नक्की आणून दे. विसरायचं नाही."

"मालूम होतं," ती म्हणाली. "फ्रीमध्ये नाही देणार तू."

घरी आल्या आल्या मी तुमचा फॉर्म रिपोर्टमधून काढला. आता एकोणतीस आहेत. सगळ्या टक्केवाऱ्या पुन्हा कराव्या लागतील, आमच्या ग्रुपमधल्या दोघी मला शिव्या घालतील, मॅडम विचारतील. मॅडमना मी सगळं जसं झालं तसं सांगणार आहे. बाकीच्या एकोणतीसांतले माझ्या हातचे किती फॉर्म असे घाईत भरलेत, तेही मला शोधायचंय. कुळगावच्या माझ्या वाट्याच्या दहा घरांत मी पुन्हा जाणार, आणि त्यासाठी रिपोर्टला आठवडाभर उशीर झाला तर तो उशीर माझ्या नावावर.

आणि हे तुम्हाला वचन: इथून पुढे मी कुणालाही प्रश्न विचारला की पेन खाली ठेवीन आणि समोरचं माणूस बोलेपर्यंत उचलणार नाही.

आजच सुरुवात केली. आई माझ्याशेजारी मेथी निवडत बसलीये. मघाशी मी पेन पत्रावर आडवं ठेवलं आणि तिला विचारलं, "आई, पप्पा गेल्यापासून तुला कसं वाटतंय?" ती निवडत राहिली. अर्धी जुडी संपली, मी गप्प. मग ती बोलली. खूप बोलली, पप्पा. मला कधीच न सांगितलेलं.

शेवटी म्हणाली, "हे तुझ्या पत्रात त्यांना लिहू नकोस हं."

मी तिला शब्द दिलाय. तेव्हा ती काय म्हणाली, ते तुम्हाला कळणार नाही. आता तुम्ही जळा थोडे.

तुमची,
जळकुकडी सुमी